रेंज कोणाची, भाव कोणाचा, तक्रार कोणाकडं? मोबाईलबद्दल गावात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ-वाशीमच्या पट्ट्यात रिचार्ज, सिम, आधारची कामं, पीक विम्याचे फॉर्म हे सगळं एकाच टेबलावर चालते. त्या टेबलासमोर उभं राहून लोक जे विचारतात ते इथं उत्तरांसकट लिहून ठेवलंय, कारण तेच तेच सांगून घसा बसते. कायदा-नियम जिथं आला तिथं साल आणि आकडा दिलाय, म्हणजे कोणी तोंडावर काहीही फेकलं तर तुम्हाला दोन शब्द बोलता यावेत.

प्रश्न: रिचार्जचे भाव सरकारच वाढवते ना?

नाही भाऊ. बहुतेकांना हे पटत नाही, पण नाही.

भाव ठरवायचा अधिकार ट्रायकडं आहे. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, १९९७ च्या कायद्यानं झालेलं. पण मोबाईलच्या बाबतीत तो अधिकार वापरायचा नाही, कंपन्यांना आपापले भाव ठरवू द्यायचे, असं धोरण त्यांनी कित्येक वर्षांपासून धरलंय. कंपनी प्लॅन काढते, सात कामाच्या दिवसांत ट्रायला कळवते, झालं. प्लॅनमध्ये लपवाछपवी आहे का, कोणाशी भेदभाव आहे का, एवढं ट्राय पाहते. महाग आहे म्हणून अडवत नाही. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय (म्हणजे व्होडाफोन-आयडिया) तिघांनीही एकदोन दिवसांच्या फरकानं भाव वाढवले, काही प्लॅन पाव हिश्श्यानं महाग झाले, आणि त्यासाठी कोणाला दिल्लीत जाऊन परवानगी मागावी लागली नाही.

यामागचा विचार असा की कंपन्या भरपूर असल्या की त्या आपसात भांडतील आणि भाव आपोआप खाली राहील, एक महाग झाली तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल. डझनभर कंपन्या होत्या तेव्हा हे झालंही, २०१० च्या आसपास सेकंदाला अर्धा पैसा असे रेट आपण पाहिलेत. आता देशात चारच उरल्या. आणि आमच्याकडं असे तांडे-पोड आहेत की जिथं एकाच कंपनीची रेंज येते, बाकीच्यांचं सिम म्हणजे नुसतं प्लास्टिक. तिथं गिऱ्हाईक कुठं जाईल सांगा? हा प्रश्न पुढं पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण अर्ध्याअधिक नियमांचा पाया हाच आहे की तुमच्यासमोर दुसरा पर्याय आहे.

प्रश्न: मंग सरकारचा यात संबंध तरी काय?

सगळाच. भाव सोडला तर बाकी सगळं सरकारच्या हातात आहे.

तार-टेलिफोनवर सरकारची मक्तेदारी ही इंग्रजांच्या १८८५ च्या कायद्यापासूनची. तोच कायदा आता आतापर्यंत चालू होता, त्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि २०२४ च्या जूनपासून टप्प्याटप्प्यानं लागू होत गेला. हवेतल्या लहरी, म्हणजे ज्याला स्पेक्ट्रम म्हणतात, ती जनतेची मालमत्ता आहे असं सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये सांगितलं. जनतेची म्हणजे राखण सरकारची. म्हणून कंपनीला धंदा करायचा तर सरकारचं लायसन पाहिजे, लहरी लिलावात घ्याव्या लागतात (२०२२ च्या ५जी लिलावात दीड लाख कोटींच्या बोल्या लागल्या), दरवर्षी उत्पन्नातला हिस्सा भरावा लागते, आणि सिम कोणाला द्यायचं, कागद कोणते घ्यायचे, कॉलचा हिशेब किती दिवस ठेवायचा हेही सरकारच सांगते.

वरून बीएसएनएल पूर्ण सरकारची, आणि व्हीआयमध्ये थकबाकीच्या बदल्यात शेअर घेऊन घेऊन एप्रिल २०२५ पासून सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या घरात गेलाय, चालवतात मात्र जुनेच मालक. म्हणजे बाजार समितीत जागा ज्याची, काटा ज्याचा, सेस घेणाराही तोच, आणि वरून स्वतःचा कापूसही त्यानं तिथंच विकायला आणला, असा हा प्रकार. काट्यावर भरोसा बसावा म्हणून ट्राय वेगळं काढलं आणि भांडणं सोडवायला २००० मध्ये टीडीसॅट नावाचं न्यायाधिकरण केलं. त्याआधी दूरसंचार खातंच धंदा करायचं, नियमही तेच करायचं आणि तक्रारही तेच ऐकायचं.

प्रश्न: २९९ च्या रिचार्जमधले सरकारला किती जातात?

ढोबळ हिशेब सांगतो. जीएसटी १८ टक्के, तो किमतीच्या आतच धरलेला असते. म्हणजे २९९ मधले साधारण ४५ रुपये ६० पैसे जीएसटीचे. राहिले २५३. त्यावर लायसन फी ८ टक्के, म्हणजे वीसेक रुपये. या ८ टक्क्यांमधले ५ टक्के, म्हणजे आपल्या रिचार्जमधले बारा-तेरा रुपये, एका वेगळ्या फंडासाठी असतात. आधी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, नव्या कायद्यात नाव झालं डिजिटल भारत निधी.

हा फंड कशासाठी? जिथं कंपनीला धंदा परवडत नाही अशा खेड्यापाड्यात, जंगलात टॉवर आणि फायबर न्यायला. म्हणजे रेंज नसलेल्या गावातला माणूस तालुक्याला येऊन रिचार्ज मारते, तेव्हा आपल्याच गावच्या टॉवरसाठी तो वर्गणी भरत असते. हे ऐकून लोक आधी हसतात, मग चिडतात.

प्रश्न: आमच्या गावात टॉवर नाही. कंपनीवर सक्ती करता येते का?

सरळ सक्ती नाही. स्पेक्ट्रम घेताना कंपनीवर नेटवर्क पसरवायच्या अटी असतात, पण त्या अटी शहरं, तालुका-ब्लॉकची मुख्यालयं आणि टक्केवारी अशा भाषेत असतात, अमुक गावाला रेंज द्याच असं त्यात नसते. कंपनी पाहते की इथं घरं किती, त्यातले रिचार्ज मारणारे किती, लाईट किती तास राहते, आणि फाईल बंद करते.

अशा ठिकाणी रस्ता तो वर सांगितलेल्या फंडाचाच. गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त भागात २०१४ पासून सरकारच्या पैशानं टॉवर उभे राहिले, बीएसएनएलकडून, सुरुवातीला नुसते २जी. मग जुलै २०२२ मध्ये केंद्रानं ४जी सॅच्युरेशन, म्हणजे राहिलेल्या गावांत ४जी न्यायची योजना मंजूर केली, देशभरातली २४,६८० गावं, खर्च २६,३१६ कोटी. यादीत आपलं गाव आहे का हे जिल्हा प्रशासनाकडं किंवा बीएसएनएलच्या जिल्ह्याच्या ऑफिसात विचारता येते. ग्रामसभेचा ठराव घ्या, गावठाणात टॉवरसाठी जागा देतो असं त्यात लिहा, आणि ठरावाची प्रत कलेक्टर, खासदार आणि केंद्राच्या तक्रार पोर्टलवर अशी तिन्हीकडं टाका. नुसतं निवेदन देऊन फोटो पेपरात छापून आणला तर फोटोच राहते.

एक चांगली गोष्ट झाली, जी फार लोकांना माहीत नाही. सरकारी निधीतून जे ४जी टॉवर आहेत त्यांवर जानेवारी २०२५ पासून जिओ, एअरटेल, बीएसएनएल यांनी एकमेकांच्या गिऱ्हाइकाला रेंज द्यायची सोय सुरू केली. तसा टॉवर जवळ असेल तर मोबाईलमध्ये रोमिंग चालू ठेवून पाहा. माझ्या मते हे सगळ्याच एकट्या टॉवरांना सक्तीचं पाहिजे, खासगी असो की सरकारी. एका टेकडीवर तीन कंपन्यांचे तीन टॉवर कधीच येणार नाहीत, तर असलेल्या एकावर तरी सगळ्यांचं सिम चालू द्या ना.

प्रश्न: कंपनीचा माणूस म्हणते तुमच्या गावात फुल ४जी आहे. आम्हाला तर टाकीवर चढावं लागते.

हे चित्र मी कितीदा पाहिलंय. रेशन दुकानदार पॉस मशीन हातात उंच धरून ओट्यावर उभा, खाली बाया पिशव्या घेऊन, आणि मशीनवर ते गोल गोल फिरते. अंगठा लागला तर मशीन म्हणते पुन्हा प्रयत्न करा, तोवर मागच्या बाईचा पोट्टा रडायला लागलेला. ई-पीक पाहणी, कापूस किसानची नोंदणी, लाडक्या बहिणीची केवायसी, सगळीकडं ओटीपी, आणि ओटीपी येते टाकीवर.

यावर एक हत्यार आहे. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांनी कंपन्यांना आपल्या वेबसाईटवर रेंजचा नकाशा टाकणं बंधनकारक केलं, २जी, ४जी, ५जी वेगवेगळा. तो उघडा, आपलं गाव शोधा. गावावर रंग असेल आणि रेंज नसेल तर नकाशाचा स्क्रीनशॉट आणि त्याच जागेवर मोबाईलवर दिसणारी रेंज, दोन्ही तक्रारीला जोडा. नुसतं ‘रेंज येत नाही’ लिहिलं तर उत्तर येते की मोबाईल बंद करून चालू करा. नकाशा जोडला की निदान कोणीतरी माणूस तो वाचते.

प्रश्न: ग्रामपंचायतीत फायबर आलंय म्हणतात. मंग नेट कुठं आहे?

ही भारतनेट योजना. २०११ मध्ये मंजूर झाली, देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं, आपल्याकडं काही जिल्ह्यांत राज्याचं महानेटही त्यातच. केबल बऱ्याच ठिकाणी पोचली. पण केबल पोचणं वेगळं आणि नेट चालणं वेगळं. रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी एका झटक्यात केबल तोडते, जोडायला येणारा माणूस कोणत्या ठेकेदाराचा ते गावाला माहीत नसते, पंचायतीतल्या पेटीची बॅटरी बसली की ती कोणी बदलायची यावर पत्रव्यवहार चालते. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १.३९ लाख कोटी मंजूर झाले, त्यात देखभालीचा भाग आधीपेक्षा मोठा ठेवलाय. पैसा खोदायला मिळते, राखायला मिळत नाही ही आपल्याकडची जुनी खोड, रस्त्यांचं पाहा, नळयोजनेचं पाहा.

प्रश्न: आईकडं बटणाचा फोन आहे. तिला नेट कायला पाहिजे? फक्त बोलायचा प्लॅन मिळते का?

मिळते, आणि कंपनीला तो ठेवावाच लागते. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं नियम केला की प्रत्येक कंपनीनं निदान एक व्हाउचर फक्त कॉल आणि एसएमएसचं ठेवायचं, नेट नसलेलं. वैधता जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत नेता येते. २०२५ च्या जानेवारीत कंपन्यांनी तसे प्लॅन काढलेही.

आता यातली गोम अशी की नियमानं प्लॅन ठेवायला लावला, तो स्वस्त ठेवायला नाही लावला. आणि छोटा, महिन्याभराचा ठेवायचीही सक्ती नाही, त्यामुळं हे प्लॅन बरेचसे तीन महिन्यांचे नाहीतर वर्षाचे. मजुरीवर जाणाऱ्या बाईकडं एकदम साडेचारशे-पाचशे कुठून येतील? आठवडी बाजाराच्या दिवशी अशी एखादी म्हातारी येते, पदराच्या गाठीतून नोटा सोडते, पोरगी नांदायला लांब दिली तिचा फोन यावा म्हणून. तिला मी नेटवाला छोटा प्लॅन मारून देतो, जो तिला नको असते. ट्रायनं निदान या एका प्लॅनवर तरी भावाची छत घालावी. अधिकार आहे, कायद्यात आहे, वापरत नाहीत.

प्रश्न: महिना ३० दिवसांचा, रिचार्ज २८ दिवसांचं काहून?

कारण २८ दिवसांनी वर्षात तेरा रिचार्ज होतात. ट्रायनं जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असा निदान एकेक प्लॅन ठेवा. ठेवलेत. मागून घ्या, दुकानदार आपणहून सांगेल असं नाही.

प्रश्न: रिचार्ज संपलं की नंबर दुसऱ्याला जाते का?

लगेच नाही. नियम असा की ९० दिवस त्या नंबरवरून काहीच वापर झाला नाही तरच नंबर बंद करता येते, आणि खात्यात २० रुपये किंवा जास्त बॅलन्स असेल तर तेवढे कापून आणखी ३० दिवस चालू ठेवायचा. आता खात्यात सुटा बॅलन्स ठेवतंच कोण, पण ज्या सिमचा वापर कमी आहे त्यात टॉपअप मारून ठेवणं बरं. प्लॅन संपल्यावर इनकमिंग किती दिवस राहते ते मात्र कंपनी आपल्या मनानं ठरवते.

यात खरी भीती बँकेची आहे. जुना नंबर बंद झाला, काही महिन्यांनी तो दुसऱ्या कोणाला मिळाला, आणि तुमच्या खात्याला अजून तोच जोडलेला, तर तुमच्या ओटीपी त्याच्या खिशात. नंबर सोडायचा तर आधी बँक, आधार, गॅस सगळीकडं बदला.

प्रश्न: पोर्ट कसं करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी कशी बदलायची?

मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट, मग जागा सोडून आपला नंबर, आणि १९०० वर पाठवायचं. आठ अक्षरी कोड येते, तो चार दिवस चालते. सिमला त्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत, बिल थकलेलं नको, आणि १ जुलै २०२४ पासूनचा नियम म्हणजे सिम हरवून नवं काढलं असेल तर सात दिवस पोर्ट होत नाही, कारण चोर आधी सिम बदलून मग पोर्ट करून बँक साफ करायचे. आपल्याच सर्कलमध्ये (मोबाईलसाठी देशाचे जे विभाग पाडलेत ते) तीन कामाच्या दिवसांत व्हायला पाहिजे. पोर्ट करण्याआधी नव्या कंपनीचं कोणाचं तरी सिम आपल्या घरात, आपल्या वावरात घालून पाहा. भाव वाढल्यावर चिडून पोर्ट मारलेले कितीतरी लोक रेंज नाही म्हणून परत फिरलेत, आणि परत फिरायला पुन्हा ९० दिवस.

प्रश्न: तक्रार ट्रायकडं करू का?

करू नका, तिथं वैयक्तिक तक्रार सोडवत नाहीत, ती कंपनीकडंच पाठवून देतात. क्रम असा आहे. आधी १९८ वर कंपनीकडं, फुकट आहे, आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. समाधान नाही झालं तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं, त्यालाही फी नाही, ३९ दिवसांत निकाल द्यायचा असते. हे अपीलवालेही कंपनीच्याच छताखालचे, त्यामुळं माझा त्यांच्यावर फारसा जीव नाही, पण पुढं जायचं तर कागद लागते म्हणून करायचं. तिसरं म्हणजे केंद्राचं तक्रार पोर्टल, सीपीग्राम्स, तिथं दूरसंचार विभाग निवडायचा. माझ्या पाहण्यात कंपनी सगळ्यात लवकर हालते ती यानंच.

आणि जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी कंपन्या म्हणायच्या की तार कायद्यानुसार हे भांडण लवादाकडंच जाते, ग्राहक कोर्टाला अधिकार नाही. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ते उडवून लावलं. रक्कम मोठी असेल, चुकीचं बिल, सिम परस्पर दुसऱ्याला देऊन बँकेतून पैसे गेले असं असेल, तर हा रस्ता धरा.

प्रश्न: टॉवर दोन दोन दिवस बंद राहते. पैसे परत मिळतात का?

वादळ आलं, लाईट गेली, टॉवरची बॅटरी दोन तासांत संपली, डिझेल टाकायला कोणी आलं नाही, आणि गाव दोन दिवस मुकं. हे दर जूनमध्ये ठरलेलं. २०२४ च्या नियमात भरपाई आली खरी: २४ तासांपेक्षा जास्त नेटवर्क बंद राहिलं तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वैधता वाढवून द्यायची. पण ही मोजणी जिल्ह्याच्या पातळीवरच्या मोठ्या बंदची आहे. तुमच्या एका गावचा टॉवर आठवडाभर मेला आणि यवतमाळ शहरात फुल रेंज असली तर नियमाच्या लेखी काही घडलंच नाही.

कॉल तुटण्याचंही तसंच. दोन टक्क्यांपेक्षा जास्त कॉल तुटायला नको ही मर्यादा जुनीच, पण मोजायचे पूर्ण सर्कल धरून, तिमाहीतून एकदा. पुणे-नाशिकच्या कॉलमध्ये आपला तांडा विरघळून जायचा. एप्रिल २०२५ पासून हिशेब दर महिन्याला झालाय, तेवढी सुधारणा. मध्ये ट्रायनं हिंमत केली होती, तुटलेल्या कॉलमागं एक रुपया, दिवसाला तीन रुपयांपर्यंत गिऱ्हाइकाला द्या असा नियम १ जानेवारी २०१६ पासून लावला. कंपन्या कोर्टात गेल्या आणि मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो मनमानी म्हणून रद्द केला. तेव्हापासून एकेका गिऱ्हाइकाच्या भरपाईच्या वाटेला कोणी फारसं गेलं नाही.

प्रश्न: फोन आला की तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिन्याला २५ हजार भाडं, आधी फी भरा. खरं आहे का?

खोटं. शंभर टक्के खोटं. त्यासोबत ट्रायच्या शिक्क्याचं, अशोकस्तंभ असलेलं रंगीत पत्रही येते, तेही खोटं. ट्राय टॉवरसाठी एनओसी देतच नाही, कोणताही टॅक्स घेत नाही. टॉवर कंपनी जागामालकाला पैसे देते, मागत नाही. इतकं एकच वाक्य लक्षात ठेवा राजेहो. सोयाबीनचे पैसे हातात आले की हे फोन बरोबर चालू होतात, आणि दोन एकरवाला माणूस नोंदणी फी, मग करार फी, मग जीएसटी असं करत करत लाखाला बुडते. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे.

प्रश्न: टॉवरच्या किरणांनी चिमण्या मेल्या, कॅन्सर होते म्हणतात?

भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. शंका असेल तर तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर दिसतात, फी भरून मोजणीही मागता येते. गंमत म्हणजे रेंज नाही म्हणून ओरडणारे आणि टॉवर नको म्हणणारे एकाच ग्रामसभेत मांडीला मांडी लावून बसतात.

प्रश्न: दंगल झाली की नेट बंद करतात. कोण करते, किती दिवस करता येते?

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत बंद झालं होतं, आपल्याकडच्या लोकांना ते आठवते, दवाखान्याचे पैसे फोनवरून देणारे अडकून पडले होते. आदेश राज्याच्या गृह सचिवाचा लागते. ठाणेदारानं सांगितलं म्हणून कंपनीनं नेट बंद करायचं असा नियम नाही. २०१७ चे नियम होते, नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे आले: आदेश लेखी, कारणासकट, जाहीर केलेला, एका वेळी जास्तीत जास्त १५ दिवसांचा, आणि पुनर्विलोकन समितीनं पाच दिवसांत तपासलेला. आदेश जाहीर करायलाच पाहिजे हे सुप्रीम कोर्टानं १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या प्रकरणात सांगितलं होतं. प्रत्यक्षात गावातल्या माणसाला नेट गेल्यावरच कळते, आदेश दिसते दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी स्टेटसवर, तोही नेट चालू असलेल्या जिल्ह्यातल्या पाहुण्याच्या.

प्रश्न: सरकार आपले फोन ऐकते का?

सगळ्यांचे ऐकायला माणसं कुठून आणतील. पण कायद्यानं ऐकता येते, २०२३ च्या कायद्याचं कलम २०. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं पाहिजेत, गृह सचिवाचा आदेश पाहिजे, एक आदेश ६० दिवसांचा, सगळं मिळून १८० दिवसांच्या वर नाही. ही चौकट १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातून आली. कोणी कोणाला केव्हा फोन केला हा हिशेब मात्र कंपनीला दोन वर्षं ठेवावाच लागते. त्याच कलमात आणीबाणीसारख्या वेळी कंपनीचं नेटवर्कच तात्पुरतं ताब्यात घ्यायचाही अधिकार आहे. मला खटकते ते एवढंच की ऐकणारं सरकार आणि ते बरोबर ऐकलं की नाही हे तपासणाऱ्या समितीतले सचिवही सरकारचेच, कोर्टाचं कोणी त्यात नाही.

प्रश्न: माझ्या नावावर किती सिम आहेत ते कसं कळेल?

संचार साथी पोर्टलवर, मे २०२३ पासून आहे. आपला नंबर टाका, ओटीपी टाका, यादी येते. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथंच ‘माझा नाही’ दाबा. एका माणसाला नऊ सिमची मर्यादा आहे, त्याच्या वर गेलं तर पहिल्यांदा ५० हजारांपर्यंत दंड. दुसऱ्याच्या कागदावर फसवून सिम काढलं तर तीन वर्षं कैद नाहीतर ५० लाखांपर्यंत दंड. म्हणून मित्राला, भाच्याला, कामावरच्या गड्याला आपल्या नावावर सिम काढून देऊ नका, गुन्हा त्यानं केला तरी पोलीस तुमच्या दारात येतात. आम्हा सिम विकणाऱ्यांचीही नोंदणी १ डिसेंबर २०२३ पासून सक्तीची आहे, तेव्हा बाजारात छत्री लावून बसलेल्या पोट्ट्याकडून सिम घेताना अंगठा एकदाच देताय ना ते पाहा. फोन हरवला तर त्याच पोर्टलवरून तो बंद पाडता येते, पोलिसांची तक्रार आणि आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, डब्ब्यावर छापलेला असते) लागते, म्हणून डब्बा फेकू नका.

मध्ये नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी केंद्रानं संचार साथीचं ॲप प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये आधीच टाकून द्या असं फर्मान काढलं होतं. हेरगिरीचा आरडाओरडा झाला आणि काही दिवसांतच मागं घेतलं. पोर्टल चांगलं आहे, बळजबरी नको होती.

प्रश्न: बीएसएनएल सरकारची असून मागं काहून राहिली?

खासगी कंपन्यांचं ४जी देशभर २०१६ मध्ये सुसाट सुटलं. बीएसएनएलचं ४जी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं २७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या नऊ वर्षांचा हिशेब लावा. स्पेक्ट्रम वेळेवर दिला नाही, २०२० मध्ये काढलेलं टेंडर रद्द केलं, मग सांगितलं की परदेशी सामान नको, स्वदेशीच बनवा. स्वदेशी बनलं, टीसीएस, तेजस आणि सी-डॉटनं मिळून बनवलं, आणि ते काम छोटं नाही. पण ही अट फक्त सरकारी कंपनीला, खासगीवाले तोवर परदेशी मशिनी लावून गिऱ्हाईक घेऊन गेले. मधल्या काळात २०१९, २०२२ आणि २०२३ असे तीन वेळा मिळून तीन लाख कोटींवरचे पॅकेज दिले. मालकानंच हात बांधायचे आणि मालकानंच सलाईन लावायचं. तरी जंगलातल्या कितीतरी गावांत पहिली घंटी बीएसएनएलचीच वाजली, हे विसरू नका.

प्रश्न: एवढ्या कंपन्या होत्या, कुठं गेल्या?

युनिनॉर, एअरसेल, डोकोमो, रिलायन्स, आयडिया, सगळ्यांचे बोर्ड आमच्या दुकानावर लागून गेले, पत्रा अजून गोठ्यावर आहे. काही गेल्या २जी प्रकरणात, २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टानं १२२ लायसन एका फटक्यात रद्द केले. (कॅगनं १.७६ लाख कोटींचं नुकसान सांगितलं होतं, २०१७ मध्ये खालच्या कोर्टात सगळे आरोपी सुटले.) काही २०१६ नंतरच्या भावयुद्धात विकल्या गेल्या. आणि उरलेल्यांच्या मानेवर एजीआर, म्हणजे ज्या उत्पन्नावर लायसन फी लागते ते. लायसन फी कशाकशावर लावायची, फक्त फोनच्या कमाईवर की व्याज-भाड्यावरही, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि २४ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला. थकबाकी, व्याज, दंड मिळून डोंगर झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारनंच चार वर्षांची मुदत दिली आणि व्याख्या पुढं बदलली. व्हीआयमध्ये सरकारचा ४९ टक्के वाटा आला तो या आणि स्पेक्ट्रमच्या थकबाकीतून.

प्रश्न: स्टारलिंक येणार म्हणतात, मंग टॉवरची कटकट जाईल?

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि आपला वाशीम ही नावं आहेत. केंद्राचं लायसन त्यांना जून २०२५ मध्येच मिळालं होतं. पण इरादापत्र म्हणजे डिश नव्हे. उपग्रहाच्या लहरी लिलावाविना द्यायची सोय नव्या कायद्यात आहे, त्याचा दर ठरवणं सरकारच्या हातात. आणि ही सेवा डिशवाली आहे, खिशातल्या बटणाच्या फोनला तिची रेंज लागत नाही. शाळा, आरोग्य उपकेंद्र, पंचायत यांना कामाची, घरोघरी मात्र खर्च परवडला तरच.

प्रश्न: सिरोंच्याला गेलो की तेलंगणाचं नेटवर्क पकडते, गोंदियाकडं मध्य प्रदेशचं. पैसे कटतात का?

देशाचे २२ सर्कल केलेत, विदर्भ महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येते, मुंबई वेगळी. तेलंगणा अजूनही आंध्र सर्कलमध्येच, छत्तीसगड मध्य प्रदेशच्या. आताच्या अमर्याद प्लॅनमध्ये देशातलं रोमिंग धरलेलं असते, तेव्हा नाही कटत. जुना टॉपअपवाला प्लॅन असेल तर कटू शकतात, सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हातानं निवडा.